हॉर्मोन्स, लिव्हर आणि सीआरपी: रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीआरपी आणि ईएसआर (दोन्ही शरीरातल्या दाहाच्या, म्हणजे सूज-जळजळीच्या खुणा) आणि फेरिटिन (साठवलेल्या लोहाची खूण) यांचे रिपोर्ट न्यायला आलेले लोक काउंटरवरच थांबून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. यातले निम्म्याहून जास्त प्रश्न बायकांचे असतात, आणि ते साहजिक आहे. पाळी, गोळ्या, बाळंतपण, थायरॉइड, पाळी जाणं या सगळ्यात हॉर्मोन बदलतात आणि लिव्हर त्या प्रत्येक बदलाची दखल घेतं. ती दखल रिपोर्टमध्ये आकड्याच्या रूपाने उतरते, पण तिचं कारण रिपोर्टवर कुठेच छापलेलं नसतं.

सीआरपी वाढलं म्हणजे इन्फेक्शनच ना?

असंच काही नाही. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे लिव्हरने तयार केलेलं प्रथिन आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात. मग कारण जंतू असोत, ऑपरेशनची जखम असो, संधिवात असो की हार्ट अटॅक. तो निरोप लिव्हरला मिळाला की सहा ते आठ तासांत रक्तातलं सीआरपी वाढू लागतं, साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मं होत उतरतं.

त्यामुळे दुपारी ताप भरला आणि संध्याकाळी केलेलं सीआरपी नॉर्मल आलं, तर त्यावर विसंबू नका. लिव्हरला अजून वेळच मिळालेला नसतो. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या दिवसांत ही गोष्ट ध्यानात ठेवाच, कारण सीआरपी यातला कुठला ताप आहे हे सांगत नाही. त्यासाठी त्या त्या आजाराची वेगळी टेस्ट करावी लागते.

लिव्हर फक्त सीआरपीच वाढवतं का?

नाही, बरंच काही वाढवतं आणि बरंच काही कमीही करतं. फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन, सिरम अमायलॉइड ए, सेरुलोप्लाझ्मिन, हेप्सिडिन ही वाढणारी. रक्तातलं फेरिटिनही त्यांच्यासोबत वर जातं. अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, ट्रान्सथायरेटिन ही उतरणारी. घरात अचानक वीस पाहुणे आले की रोजची भाजी-पोळी बाजूला राहते आणि मोठं पातेलं गॅसवर चढतं, तसंच हे. म्हणून हॉस्पिटलमध्ये आठवडाभर काढलेल्या रुग्णाचं अल्ब्युमिन २.८ इतकं कमी आलं की नातेवाईक 'खाणं कमी पडलं' म्हणून अंडी-पनीर सुरू करतात. पोषणाचा प्रश्न असू शकतो, पण बऱ्याचदा ती घसरण आधी दाहामुळे झालेली असते.

मग यात हॉर्मोन कुठून आले?

लिव्हरच्या पेशीवर इंटरल्युकिन-६ चा निरोप घेणारा ग्राहक (रिसेप्टर) जसा बसलेला असतो, तसे त्याच पेशीत कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइड हॉर्मोन, इन्सुलिन आणि ग्रोथ हॉर्मोन यांचेही ग्राहक असतात. कुठलं प्रथिन किती बनवायचं हे पेशी या सगळ्यांचं ऐकून ठरवते. दाह तोच असला तरी हॉर्मोनची स्थिती वेगळी असेल तर रक्तात उतरणारा आकडा वेगळा येतो. उलटही घडतं: दाह काहीच नसताना केवळ हॉर्मोनमुळे आकडा वर जातो. या दुसऱ्या प्रकाराने लोक सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून त्याच्याविषयी आधी.

मी ३१ वर्षांची आहे, पीसीओडीसाठी गोळ्या चालू आहेत. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचएस-सीआरपी ४.८ आलं आणि समोर 'हृदयविकाराचा धोका जास्त' असं छापलंय. काही त्रास नाही. काय करू?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या असोत की ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधली ऑफिसं, पॅकेज चेकअपमुळे हा प्रश्न आता सतत येतो.

'धोका जास्त' ही ओळ मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर छापतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन संस्थांनी मिळून एचएस-सीआरपीचे (म्हणजे तेच सीआरपी, पण अगदी कमी पातळीही मोजणाऱ्या टेस्टने मोजलेलं) टप्पे ठरवले: दर लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. सॉफ्टवेअर एवढंच पाहतं. पीसीओडीसाठी (बीजकोशाशी जोडलेली हॉर्मोनची गडबड) तुम्ही गर्भनिरोधक गोळी घेता हे त्याला माहीत नसतं.

गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन पोटातून गेलं की आतड्यातून पोर्टल शिरेवाटे थेट लिव्हरमध्ये पोचतं. बाकीच्या शरीराला मिळण्याआधी लिव्हरला त्याचा मोठा डोस मिळतो आणि लिव्हर त्याला प्रतिसाद म्हणून कितीतरी प्रथिनं बदलतं. सीआरपी वाढतं, सेरुलोप्लाझ्मिन वाढतं, हॉर्मोन वाहून नेणारी प्रथिनं वाढतात, रक्त गोठवणारी काही प्रथिनं वाढतात आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये सीआरपी न घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास, काहींमध्ये त्याहूनही वर मिळतं. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या 'माला-एन' मध्येही ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल असतंच. महागड्या पाकिटातच हे होतं असं समजू नका.

यातली खरी मेख पुढे आहे. पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन पाहिलं, तेव्हा सीआरपी वाढलं पण इंटरल्युकिन-६ काही वाढलं नाही. म्हणजे कुठून दाहाचा निरोप आलेलाच नव्हता, लिव्हरने इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून सीआरपी बनवलं होतं. शिवाय ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जन्मभर थोडं जास्त असतं अशा लोकांचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला, आणि त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला नाही. सीआरपी धोक्याची खूण असू शकतं. ते स्वतः रक्तवाहिन्या खराब करतं असं दिसत नाही. गोळीमुळे वाढलेल्या ४.८ वरून 'हृदय धोक्यात' असा निष्कर्ष काढणं मला चुकीचं वाटतं, आणि हे मी ठामपणे सांगते.

याचा अर्थ गोळीला काही धोकाच नाही, असा घेऊ नका. गोळीने शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते, पण ती गोठण्याच्या प्रथिनांच्या वाटेने. वय ३५ च्या वर असेल आणि तुम्ही सिगरेट ओढत असाल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या रेषा दिसत असतील, घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायलाच हवं. हा धोका सीआरपीच्या आकड्यावरून मोजता येत नाही.

म्हणजे गोळी बंद करून पुन्हा टेस्ट करू?

केवळ आकड्यासाठी नको, आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच नको. पीसीओडीच्या उपचारात मधेच गोळी सोडली की पाळीचं चक्र बिघडतं, नको तेव्हा दिवस राहू शकतात. कोलेस्टेरॉल, शुगर, बीपी, कमरेचा घेर यांवरून डॉक्टर हृदयाचा अंदाज घेऊ शकतात, त्यासाठी सीआरपी लागतंच असं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ज्युपिटर' या मोठ्या चाचणीत एचएस-सीआरपी २ च्या वर असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं होतं. पाळी गेल्यानंतरचे हॉर्मोन घेणाऱ्या बायकांना त्यात घेतलंच नव्हतं.

एचएस-सीआरपी १० च्या वर आलं तर मात्र गोळीवर ढकलून मोकळं होऊ नका. सर्दी, दाताचं इन्फेक्शन, लघवीचं इन्फेक्शन शोधा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

तांबी बसवली आहे. तिचाही असाच परिणाम होतो का?

साध्या तांबीत हॉर्मोन नसतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

पाळी गेल्यावर हॉट फ्लशेससाठी डॉक्टरांनी गोळीऐवजी पॅच किंवा जेल सांगितलं. फरक काय?

लिव्हरच्या दृष्टीने फरक फार मोठा आहे. कातडीतून शिरलेलं इस्ट्राडिऑल सरळ रक्तात मिसळतं, लिव्हरला त्याचा पहिला मोठा घोट मिळत नाही. त्यामुळे तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने सीआरपी जवळजवळ दुप्पट होतं, तर पॅचने ते जवळपास जागच्या जागी राहतं. गुठळीचा धोकाही पॅच-जेलमध्ये कमी दिसला आहे. २००२ च्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीनंतर हॉर्मोन म्हणजे घातकच अशी भीती पसरली. त्या चाचणीत दिलं होतं ते तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन. पन्नाशीच्या बायका रात्र-रात्र घामाने जाग्या राहतात आणि 'हे असंच असतं' म्हणून सोसतात. कुठल्या वाटेने हॉर्मोन द्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं, निदान विचारा तरी.

गर्भनिरोधाच्या पॅचला हे लागू होत नाही. त्यातलं एथिनिल इस्ट्राडिऑल लिव्हरमध्ये सहज मोडत नाही, म्हणून ते कुठल्याही वाटेने आलं तरी लिव्हरवर परिणाम करतंच.

सातवा महिना आहे, ईएसआर ६२ आलाय. सासूबाई म्हणतात टीबीची तपासणी करून घे.

फक्त ईएसआरवरून नको. रक्तातल्या लाल पेशी तळाशी किती लवकर बसतात ते ईएसआर मोजतो, आणि फायब्रिनोजेन वाढलं की त्या एकमेकींना चिकटून लवकर बसतात. गरोदरपणात हॉर्मोनच्या प्रभावाखाली लिव्हर फायब्रिनोजेन भरपूर बनवतं, शिवाय रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन उतरतं. या सगळ्यांनी ईएसआर चढतो. गंमत अशी, की ईएसआरची टेस्ट रुळली तीच मुळी गरोदर बायकांमुळे. स्वीडनच्या रॉबिन फॉरेअस यांनी १९१८ मध्ये गरोदर बायकांच्या रक्तातल्या लाल पेशी लवकर खाली बसतात हे नोंदवलं आणि यावरून दिवस गेलेले ओळखता येतील का, असा विचार केला होता.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, ताप, रात्री घाम, वजन न वाढणं असं काही असेल तर टीबीची थुंकीची तपासणी गरोदरपणातही करायलाच हवी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. तसं काही नसेल तर ६२ हा आकडा तुमच्या अवस्थेला साजेसा आहे. गरोदरपणात दाहाची शंका आलीच तर ईएसआरपेक्षा सीआरपी जास्त उपयोगी पडतं, कारण ते थोडंसंच वाढलेलं असतं. अल्ब्युमिन कमी दिसलं तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय प्रोटीन पावडरचे डबे आणू नका.

माझ्या वडिलांचं संधिवाताचं सीआरपी ४८ वरून ६ वर आलं. स्टिरॉइडने लिव्हर दाबलं जातं का?

लिव्हर दाबलं जात नाही. इथलं शास्त्र मला स्वतःला फार भावतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कॉर्टिसॉल हे आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन, आणि प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्याचीच बनवलेली भावंडं. प्रयोगशाळेत लिव्हरच्या पेशींवर नुसतं इंटरल्युकिन-६ टाकलं तर दाहाची प्रथिनं वाढतात. सोबत डेक्सामेथासोन टाकलं तर त्यातली कित्येक आणखी जास्त वाढतात. म्हणजे लिव्हरच्या पेशीपुरतं पाहिलं तर स्टिरॉइड दाहाच्या प्रथिनांना मदतच करतं. मग वडिलांचं सीआरपी उतरलं कसं? कारण स्टिरॉइडने सांध्यातल्या पांढऱ्या पेशींना गप्प केलं. त्यांनी इंटरल्युकिन-६ सोडणंच थांबवलं, निरोप आलाच नाही, लिव्हरने बनवणं सोडलं.

शरीराचा स्वतःचा बंदोबस्तही असाच आहे. दाह वाढला की इंटरल्युकिन-६ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला जागं करतं, अ‍ॅड्रिनल जास्त कॉर्टिसॉल सोडते. ते कॉर्टिसॉल एकीकडे लिव्हरला संरक्षक प्रथिनं बनवायला हात देतं आणि दुसरीकडे दाह पेटवणाऱ्या पेशींना आवरतं. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. जून २०२० मध्ये 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही.

स्टिरॉइडवरच्या माणसाचा रिपोर्ट कसा दिसतो ते पाहा: सीआरपी उतरलेलं, पण पांढऱ्या पेशी १४,०००, त्यात न्यूट्रोफिल भरपूर, आणि जेवणानंतरची शुगर २२०. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून इन्फेक्शन समजू नका. स्टिरॉइडमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात. त्याचबरोबर सीआरपी कमी आहे म्हणून इन्फेक्शन नाही, असंही समजू नका.

सांधेदुखीवर ओळखीच्यांकडून पुड्या आणतो. 'पूर्ण आयुर्वेदिक' आहेत. तीन दिवसांत सीआरपी नॉर्मल!

काका, तीन दिवसांत सूज, दुखणं आणि सीआरपी तिन्ही गेलं तर त्या पुडीत काय आहे याची मला काळजी वाटते. लेबल नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळण्याचे प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा उघड झाले आहेत. महिनोन्‌महिने घेतलं की तुमची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवायचं विसरते. मग पुडी संपली आणि त्याच आठवड्यात जुलाब-उलट्या किंवा ताप आला, तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. चेहरा गोल होणं, जराशा धक्क्याने काळे-निळे डाग, पोटावर जांभळे पट्टे, अचानक शुगर असं काही दिसत असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. एकदम बंदही करू नका. स्टिरॉइड निघालंच तर ते हळूहळू उतरवावं लागतं.

'टोसिलिझुमॅब' चालू आहे. सीआरपी कायम शून्याच्या आसपास. संधिवात बरा झाला का?

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडसाठी ज्याच्यामागे सगळे धावत होते तेच हे इंजेक्शन. ते हॉर्मोन नाही, पण लिव्हरचं गणित यातून अगदी स्पष्ट दिसतं. हे औषध इंटरल्युकिन-६ चा ग्राहकच बंद करतं. निरोप ऐकूच येत नसेल तर लिव्हर सीआरपी बनवणार कसं? संधिवात खरंच आटोक्यात असेलही, पण ते सांधे तपासून ठरवायचं. आणि या औषधावर असताना ताप, धाप, पोटात जोरात दुखणं असं काही झालं तर 'सीआरपी नॉर्मल आहे' म्हणून घरी थांबू नका.

मान आणि कान दुखतात, ईएसआर ९०, टीएसएच अगदी कमी. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले.

सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस असू शकतं. सर्दी-तापानंतर काही आठवड्यांत थायरॉइड ग्रंथीलाच सूज येते, साठवलेलं हॉर्मोन रक्तात सांडतं म्हणून टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हॉर्मोन) खाली जातं, आणि त्याच दाहामुळे ईएसआर-सीआरपी चढतं. अँटिबायोटिकने हे जात नाही. साध्या वेदनाशामकाने, गरज पडली तर थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडने आवरतं. गळ्याखाली मधोमध, गिळताना हलणाऱ्या गाठीवर बोट ठेवलं की दुखतं का, हे तपासायला डॉक्टरांना सांगा.

थायरॉइडचा रिपोर्ट तापात करायचा का?

शक्यतो नको. मोठ्या आजारात टी-३ (थायरॉइडचंच एक हॉर्मोन, दुसरं टी-४) सगळ्यात आधी उतरतं, टीएसएचही हलतं, आणि लिव्हर थायरॉइड हॉर्मोन वाहणारं ट्रान्सथायरेटिन कमी बनवू लागतं. ग्रंथी निरोगी असतानाही रिपोर्ट बिघडलेला दिसतो. बरं वाटल्यावर सहा आठवड्यांनी केलेला रिपोर्ट खरा.

इस्ट्रोजेनच्या गोळीने उलटी दिशा होते: थायरॉइड वाहणारं ग्लोब्युलिन वाढतं आणि टोटल टी-४ जास्त दिसतं. अशा वेळी फ्री (प्रथिनाला न चिकटलेलं) टी-४ आणि टीएसएच पाहावं. थायरॉइडची एल्ट्रॉक्सिन किंवा थायरोनॉर्म गोळी घेणाऱ्या बाईने तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केलं तर डोस वाढवावा लागू शकतो. कॉर्टिसॉलचंही तसंच. त्याला वाहणारं प्रथिन गोळीने वाढतं, सकाळचं टोटल कॉर्टिसॉल उगाच चढलेलं येतं आणि लोक ट्यूमरच्या भीतीने स्कॅनच्या रांगेत उभे राहतात.

शुगर आणि सुटलेलं पोट यांचा सीआरपीशी काय संबंध?

घट्ट संबंध आहे. इन्सुलिन हे आपण शुगरचं हॉर्मोन म्हणून ओळखतो, पण लिव्हरमध्ये ते अल्ब्युमिन बनवायला उत्तेजन देतं आणि दाहाच्या प्रथिनांना लगाम घालतं. लिव्हरच्या पेशींना इन्सुलिन जुमानेनासं झालं की हा लगाम सैल पडतो. त्यात पोटातली चरबी भर घालते. रक्तातल्या इंटरल्युकिन-६ पैकी साधारण एक तृतीयांश चरबीतूनच येतं असा अंदाज आहे, आणि आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त पोर्टल शिरेने सरळ लिव्हरकडे वाहतं. चरबीच पाठवत असलेलं लेप्टिनही सीआरपीला चालना देतं. म्हणून ताप नाही, दुखणं नाही, तरी एचएस-सीआरपी वर्षानुवर्षं ४-५ असं असतं. हा खराच दाह आहे, अगदी मंद.

आपल्याकडची माणसं वजनाने फार जाड नसली तरी पोट सुटलेलं असतं. म्हणून आपल्यासाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. पीसीओडीच्या मुलींमध्ये गोळी न घेताही सीआरपी थोडं वाढलेलं दिसतं ते याच वाटेने. त्यामुळे वरच्या ३१ वर्षांच्या ताईंच्या ४.८ मध्ये गोळीचा वाटा किती आणि पोटाचा किती, हे एका टेस्टमधून वेगळं काढता येत नाही. घेर ९२ असेल तर तो कमी करण्यासारखा आहेच, सीआरपी काहीही असो. वजन उतरलं की आकडाही उतरतो.

व्यायामाने सीआरपी कमी होतं म्हणतात. वर्षा मॅरेथॉन धावले तर उलट वाढलं!

लांब धावल्यानंतर एक-दोन दिवस वाढतंच. आकुंचन पावणारे स्नायूसुद्धा इंटरल्युकिन-६ सोडतात. उपवन किंवा पाम बीचवर नियमित चालणाऱ्याचं मूळ सीआरपी काही महिन्यांत खाली येतं. मोठ्या धावेनंतर आठवडाभर टेस्ट करू नका, एवढंच.

फेरिटिन ४५, नॉर्मल रेंजमध्ये. तरी जिना चढताना दम लागतो, केस गळतात, हिमोग्लोबिन ९.८. लोह कमी नाही ना?

कमी असू शकतं, आणि हे चुकायला नको. फेरिटिन साठवलेलं लोह दाखवतं, पण दाहातही ते वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की निरोगी प्रौढात फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर लोह कमी. पण इन्फेक्शन किंवा दाह असेल तर ही रेषा ७० वर न्यावी. तुमचं सीआरपी वाढलेलं असेल तर ४५ हे फेरिटिन समाधानकारक नाही.

यामागे हेप्सिडिन आहे. हे लिव्हरचं स्वतःचं हॉर्मोन. नुसता हुकूम ऐकण्यापलीकडे लिव्हर इथे स्वतः हुकूम सोडतं. दाहात इंटरल्युकिन-६ ने हेप्सिडिन वाढतं आणि ते आतड्यातला व पेशींमधला लोहाचा दरवाजा, म्हणजे फेरोपोर्टिन, नष्ट करतं. लोह अडकून पडतं, जंतूंना मिळत नाही, पण रक्त बनवायलाही मिळत नाही. लोहाची गोळी घेतल्यावरही दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं, म्हणून काही डॉक्टर आता गोळी एक दिवसाआड देतात. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिनला खाली ढकलतं. पुरुषांचं हिमोग्लोबिन जास्त असण्यात याचाही हात आहे. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्याचं रक्त घट्ट होऊन हिमोग्लोबिन १८-१९ वर गेलेलं दिसतं, आणि तेव्हा तो 'तब्येत कमावली' म्हणून खूश असतो. तशी वेळ आली तर डॉक्टरांना खरं सांगा.

एका लॅबमध्ये ०.९, दुसरीकडे ९. एका आठवड्यात दहापट?

एकक बघा. पहिल्या लॅबने दर डेसिलिटरला दिलं, दुसरीने दर लिटरला. दोन्ही रिपोर्ट सारखेच आहेत.

सीआरपीला उपाशीपोटी यावं लागतं का?

नाही. लोह तपासायचं असेल तर मात्र सकाळी या.

घरी सॅम्पल घ्यायला येणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

गर्भनिरोधक गोळी, हॉर्मोनची कुठलीही गोळी-पॅच-इंजेक्शन, थायरॉइडची गोळी, स्टिरॉइड (दम्याचा पंप आणि सांध्यातलं इंजेक्शनसुद्धा), दिवस गेले आहेत का, गेल्या पंधरा दिवसांत ताप किंवा लस. संकोच वाटत असेल तर गोळीच्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. काही मुली घरच्यांसमोर गोळीचं नाव घेऊ शकत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. लॅबने ते गुप्तच ठेवायचं असतं.

भावाला विल्सन्स डिसीज निघाला. माझं सेरुलोप्लाझ्मिन २६ आलं, म्हणजे मला नाही?

गोळी घेत असाल किंवा दिवस गेले असतील तर या आकड्यावर सुटका मानू नका. विल्सन्समध्ये तांबं लिव्हरमध्ये साचतं आणि सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) सहसा २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असतं. पण इस्ट्रोजेन आणि दाह दोन्ही ते वर ढकलतात, इतकं की आजारी माणसाचंही नॉर्मल दिसू शकतं. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी आणि जमल्यास जनुकीय टेस्ट करून घ्या. लवकर सापडला तर औषधाने आयुष्य नीट जातं.

लिव्हर सिरॉसिस आहे आणि सीआरपी फक्त १८. इन्फेक्शन किरकोळ असेल?

बनवणारंच थकलेलं असेल तर आकडा हवा तेवढा चढत नाही. सिरॉसिसमध्ये १८ ला निरोगी माणसाच्या १८ सारखं वाचू नये. पोटात पाणी असेल आणि ताप, गोंधळल्यासारखं वागणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मुलाला लहानपणचा संधिवात आहे. वर्गात सगळ्यात बुटका. ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट नॉर्मल. मग उंची का नाही?

ग्रोथ हॉर्मोन पुष्कळसं काम लिव्हरकडून करून घेतं. लिव्हर त्याच्या सांगण्यावरून आयजीएफ-१ बनवतं आणि त्याने हाडं लांबतात. लिव्हर दाहाच्या कामात गुंतलं की ग्रोथ हॉर्मोनचं म्हणणं पेशीच्या आत पोचू देत नाही. हॉर्मोन भरपूर, आयजीएफ-१ कमी, उंची थांबलेली. दीर्घकाळ दिलेलं स्टिरॉइडही उंची रोखतं. दाह नीट आटोक्यात आणणारी औषधं मिळाली आणि स्टिरॉइड कमी करता आलं, तर बऱ्याच मुलांची उंची पुन्हा वेग घेते. दर तीन महिन्यांनी उंची मोजून तक्त्यावर लिहा आणि सीआरपीच्या रिपोर्टसोबत तो तक्ताही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वयात येण्याआधीची वर्षं यात महत्त्वाची असतात, म्हणून वाट पाहत बसू नका.